सत्तर फुटांवरची तार

तार जितकी उंच तितकी चांगली, एवढंच विज्ञान ज्याला ठाऊक होतं, त्या माणसाने माझ्याकडून एक खोटं वाक्य लिहून घेतलं. आणि मी ते लिहून दिलं. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. स्वतःवरचा तर नाहीच नाही.

मी उज्जैनला सरकारी वायरलेसवर ऑपरेटर होतो. खात्याचं नाव घेत नाही, घेऊन आता काय करायचंय? फ्रीगंजच्या पलीकडे दोन खोल्या आणि मागे मोकळं आवार. आवारात दोन बांबू, आणि त्यांच्यामध्ये जमिनीपासून पंचवीस फुटांवर ताणलेली तांब्याची तार. एवढ्यावर आसपासची सगळी छोटी वायरलेस ठाणी आम्हाला स्वच्छ ऐकू येत. त्यांतलं एक आगर रस्त्यावर, चाळीसेक मैलांवर होतं. तिथला ऑपरेटर माळव्यातलाच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला, मराठी माणूस म्हणून, भाऊ. मोर्स वाजवताना प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. दादाचा हात मी शंभरांत ओळखला असता.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्यभारत राज्य संपलं, मध्य प्रदेशात विलीन झालं. राजधानी भोपाळला गेली आणि वेगवेगळ्या राज्यांतली माणसं एका ज्येष्ठता यादीत घालायचं काम सुरू झालं. कोण वर जाणार, कोण खाली, कोणाला थेट बस्तरला धाडणार, काही कळत नव्हतं. सगळं ऑफिस त्या यादीच्या धाकात जगत होतं. त्यातच आम्हाला नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी आवारात उभं राहून वर बघत म्हणाले, “ये क्या कपड़े सुखाने की रस्सी है? ऊँचा नहीं होगा तो दूर कैसे जाएगा?”

महिन्याभरात सत्तर फुटी लोखंडी खांब उभे राहिले आणि तार वर चढली. दिल्ली अशी ऐकू येऊ लागली की साहेब पाहुण्यांना बोलावून ऐकवायचे. पण त्याच दिवसापासून जवळची ठाणी खरखरीत बुडाली.

“साहब, पास वाले स्टेशन नहीं मिल रहे,” मी म्हणालो.

“पास वाले तो चिल्लाकर भी बता देंगे,” साहेब हसले. मागे उभे असलेले आमचे लोकही हसले.

पुढच्या श्रावणात तीन दिवस झड लागली. टेलिग्राफचे खांब पडले. चौथ्या दिवशी भर दुपारी मी सेटवर बसलो होतो. खरखरीच्या तळाशी काहीतरी टिकटिकत होतं. अक्षर लागेना, पण हात दादाचा होता. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, “परत सांगा, परत सांगा.” माझंही त्याला धड पोचत नसावं. दीड तास तो वाजवत होता. नंतर कळलं, तो सांगत होता की रपट्यावर पाणी चढलंय, बस सोडू नका.

निरोप न पोचल्याने उज्जैनहून बस सुटली होती. रपटा म्हणजे नदीच्या तळालगत बांधलेली फरशी. ड्रायव्हरला ती पाण्याखाली दिसलीच नाही, बस प्रवाहात उतरली. लोक टपावर चढले, बाभळीला धरून राहिले. एक बाई वाहून गेली.

मी नोंदवहीत लिहिलं होतं, “संकेत आहे, वाचता येत नाही.” दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते पान फाडलं आणि कोरं पान पुढे केलं. “लिखो, उधर से कोई संकेत नहीं आया।”

“साहब, आया था।”

“सूची अभी बनी नहीं है,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्हारी पत्नी को कौन सा महीना चल रहा है?”

सातवा होता. मी लिहिलं आणि सही केली.

त्यानंतर मी जे केलं ते पश्चात्तापाने केलं की भीतीने, मला सांगता येणार नाही. कपाटात लढाईच्या काळातलं एक हस्तपुस्तक पडलं होतं, ते काढून वाचलं. तारेतून लहर वर जाते तशी खालीही जाते आणि जमिनीवर आपटून परत वर येते. तार बेताच्या उंचीवर असली तर दोन्ही लहरी डोक्यावरच्या आकाशात एकमेकींना जोर देतात, आणि ते बळ वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन आसपासच्या गावांवर उतरतं. आमची लहर बेचाळीस मीटरची. तिच्या लांबीच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे एकवीस मीटरवर, जवळपास सत्तर फुटांवर, त्याच दोन लहरी डोक्यावर एकमेकींना मारतात. मग बळ तिरकं, क्षितिजाकडे जातं. उंचीने बळ वाढत नव्हतं. जवळच्यांचं काढून दिल्लीला दिलं जात होतं.

साहेब भोपाळला गेले असताना मी कप्पीवरून तार दहा-दहा फूट खाली घेत गेलो. रोज दुपारी एकाच वेळी दादाला विचारायचो, कसा येतोय? तो बिचारा मनापासून आकडे कळवायचा. सत्तरला जेमतेम. पन्नासला बरा. तिसावर शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. साहेब परतायच्या आत मी तार पुन्हा सत्तरवर चढवली. मी तक्ता भरत होतो आणि त्याने इशाराच दिला नाही म्हणून उघडलेल्या त्याच्याविरुद्धच्या फायलीत माझ्या सहीचा कागद लागलेला होता. त्याला ते ठाऊक नव्हतं.

चौकशीत त्याला तो कागद दाखवला. तो सरळ आमच्या आवारात आला.

“भाऊ, तूने मेरा हाथ नहीं पहचाना?”

“पहचाना था।”

“फिर?”

मी यादीचं सांगू लागलो, बायकोचं सांगू लागलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो निघून गेला.

मग मी सगळं खरं लिहून, तक्ता जोडून भोपाळला पाठवलं. पत्र परत आलं, योग्य मार्गाने पाठवा असा शेरा घेऊन. योग्य मार्ग म्हणजे तेच साहेब! तरी त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते माझ्यादेखत खणात टाकलं. ठाण्यावर हजर नव्हता असं ठरवून दादाला कामावरून काढलं. साहेबांना बढती मिळाली.

त्यांच्या जागी आलेल्या माणसाने एकदाच विचारलं, जवळची ठाणी का येत नाहीत? मी तक्ता दाखवला. जेवणाच्या सुटीआधी तार तीस फुटांवर आली. इतकंच काम होतं ते! मी दादाचा विषय काढला तर म्हणाले, “वो फ़ाइल बंद हो चुकी है।” सहा महिन्यांत माझी बदली सरगुजाला झाली.

निवृत्तीनंतर मी दादाच्या गावी गेलो. तो ओसरीवर बसला होता, नजर अधू झालेली. मी सगळं सांगितलं, साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “जो बाई बही थी, उसका नाम कभी पता किया?”

मी केलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

त्याने केलं होतं. त्याने मला तिचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मागे राहिलेली दोन मुलं किती वर्षांची होती तेही सांगितलं. मग काठी घेऊन आत गेला.