आईसोबत यंत्रमानव पाडताना

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रजा टाकून सेलूला आले. आयुष्यभर शाळेत उभं राहून शिकवलेल्या बाईला घरात बसवून ठेवायचं, हे माझं काम. मालिका तिला बघवत नव्हत्या. वाचायला घेतलं की डोकं दुखायचं. शेवटी भाऊ पुण्याला जाताना ठेवून गेलेला व्हिडिओ गेम मी कपाटातून काढून टीव्हीला जोडला.

त्यात दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा एक खेळ होता. डावीकडून उजवीकडं पळायचं आणि समोर येतील ते यंत्रमानव पाडायचे, एवढंच.

"हे पोरासोरांचं मला कशाला?" म्हणत आईनं कंट्रोलर हातात घेतला. पहिल्या दिवशी ती नुसती उड्या मारत खड्ड्यात पडली. दुसऱ्या दिवशी तिनं कामं वाटून टाकली. "वरून येणारे माझे, खालचे तुझे. माझ्याकडं बघू नकोस."

मग आम्हाला खेळाची गोडी लागली. एकीनं कितीही नेम धरला तरी भागत नाही, दुसरी लागतेच. एक पडली की दुसरीनं तिच्याजवळ उभं राहून बटण दाबून ठेवायचं, तेव्हा ती उठते. पण तेवढा वेळ बटण दाबणारीला गोळी झाडता येत नाही. मी पडले की आई हातातलं सगळं सोडून धावत यायची. खेळात तिचा गुडघा ठणठणीत होता.

त्या खेळात काही खोडी मात्र होत्या. दोघींना मिळून एकच पडदा. मी जरा पुढं गेले की आई मागच्या कडेला अडकून मरायची.

"अगं थांब की! मी मागं राहायलेय!"

शत्रूही तेच तेच. "हाच मघाशी लाल होता. आता निळा रंग देऊन पाठवलाय," आईनं लगेच ओळखलं. पण तिला खरा राग आला तो टप्पा संपल्यावर. पडद्यावर माझा पहिला नंबर झळकला, तिचा दुसरा.

"दोघींनी मिळून पाडलं, मग नंबर कशाचा काढायलेत?" जन्मभर निकालपत्रं भरलेली बाई म्हणाली. मला हसू आवरेना, पण तिचं बरोबर होतं. सोबत खेळायला बसवायचं आणि शेवटी आपसात लावून द्यायचं, ही त्या खेळाची सगळ्यात मोठी चूक.

शेवटच्या टप्प्यातल्या राक्षसाएवढ्या यंत्रमानवानं आम्हाला लय पिडलं. एका दुपारी मी पडले, आई एकटी उरली, आणि मला उठवायला न येता तिनं सरळ त्याच्या डोळ्यावर गोळ्या झाडल्या. तो कोसळला.

"मला का उठवलं नाहीस?"

"तू उठून काय करणार होतीस? तो मरायलाच आला होता."

त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पण मजा येईना. कोण कुठून येणार ते आईला पाठ झालं होतं. गेम बंद करून ती काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागली. रोज थोड्या जास्त.

रजा संपून मी परभणीला परतले. नंतर एकदा फोन केला तर मागून गोळ्यांचा आवाज.

"शेजारच्या काकूंना बसवलंय," आई म्हणाली. "लय घाबरतात, पण शिकतील. ठेव आता, त्या पडल्यात तिकडं."