धाकूच्या पाच घागरी

पिंप धुऊन झाले की धाकू उजवा हात खांद्यापर्यंत आत घाली, बुडावरून तळवा फिरवी आणि तो नाकाशी नेई. वास आला तर पुन्हा धुणे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला शिसारी आली. ती ओळखून तो हसला. "नाकाला जां कळतां, तां डोळ्यांना नाय कळत, मास्तर."

रत्नागिरीतल्या एका वसतिगृहाचा मी तेव्हा व्यवस्थापक होतो, वय बावीस. चाळीस मुलांचे खरकटे, रविवारी मासळीचे खवले नि आतडी, सगळे मागच्या अंगणातल्या दोन पत्र्याच्या पिंपांत पडे. ती खड्ड्यात रिकामी करून रोज धुणे हे धाकूचे काम. कुंपणापलीकडे वसतिगृहाच्याच जागेत त्याची माडाच्या झापांची खोपी होती. तो आणि त्याची बायको भागी तिथे राहत. काम गेले तर खोपीही जाणार.

विहीर पिंपांपासून दहा पावलांवर. पण धाकूच्या जातीला तिच्या काठाला शिवण्याचीही बंदी होती. म्हणून पाणी मी शेंदायचे आणि लांबून, वरून ओतायचे. रोज पाच घागरी. नारळाच्या सोडणाने तो पिंप घाशी, कोरडे पुशी आणि बुडाला चुलीतली गरम राख पसरी.

"वल राहिली की माशी विते," तो म्हणे. "अळी मारून काय होनार? तिला जागाच द्यायची नाय."

मुले त्याला चिडवीत, "धाकू, पिंपात जेवायला बसणार काय?"

"तुमी ताटातच जेवा. पन माशी हितनंच उठून तुमच्या ताटात येते, तां इसरू नका."

श्रावणातली गोष्ट. मी घागर ओतत होतो. आचारी दामूअण्णा पडवीतून ओरडला, "काय हो मास्तर, धाकूचे पाणके झालात वाटतं!" मुले खो-खो हसली.

एवढेच झाले. दुसऱ्या दिवशी मी एकच घागर ओतली. तिसऱ्या दिवसापासून तीही नाही. धाकू आडोशाला उभा राहून हाक मारी, "मास्तर, पानी घाला जी." मी खोलीत हजेरीपट उघडून बसे. मग तो उताराखालच्या ओहोळावरून, पऱ्यावरून, डबा-डबा पाणी आणू लागला. त्याचा गुडघा सुजलेला होता. ते पाणी पुरणार कुठून?

आठवड्याने अळ्या पिंपाच्या काठावरून उतरल्या आणि अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आल्या. नेमके त्याच दिवशी वसतिगृहाचे चालक जेवायला आले होते. त्यांनी धाकूला अंगणात उभे केले.

"पानी नव्हतां, सायेब. मास्तरांना इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. दामूअण्णाही. त्याला सगळे ठाऊक होते.

"रोज पाच घागरी घालतो," मी म्हणालो.

धाकू माझ्याकडे पाहत राहिला. मग मान खाली घालून पुटपुटला, "मास्तर सांगतात, तर आसंल."

चालकांनी त्याला कामावरून काढले आणि खोपी दोन दिवसांत मोडली. पाऊस लागून राहिला होता. निघण्यापूर्वी त्याने पऱ्यावरून पाणी आणले, दोन्ही पिंपे घासली, आत हात घालून हुंगला आणि ती दगडांवर पालथी घातली. भागी डोक्यावर बोचके घेऊन भिजत उभी होती. दोघे गुहागरकडे गेली. दिवाळीच्या आत तो तापाने गेल्याचे कानावर आले.

काही वर्षांनी गावात वारे पालटले. तीच विहीर सर्वांना खुली झाली. त्या दिवशी भाषण करायला मला निवडले, आणि मी फार चांगले बोललो. टाळ्याही पडल्या. माणसे पाणी शेंदू लागली, त्यांत गुहागरहून परतलेली भागी होती. भरलेली घागर कमरेवर घेऊन ती माझ्यापुढे थांबली.

"तापात सारका हात हुंगायचे, मास्तर. 'वास येतो काय गो?' म्हनायचे. मी किती येळा धुतला. तुमी पानी दिलात नाय, ह्यां त्येंनी मला सांगितलां व्हतां."

भोवती माणसे होती. ती माझ्या उत्तरासाठी उभी होती.

"जुनी गोष्ट आहे, बाई," मी म्हणालो.

ती गेली. मी घरी जाऊन आंघोळ केली आणि जेवलोसुद्धा.

आज चालक नाहीत, दामूअण्णा नाही, भागीचा पत्ता नाही. ज्यांना सांगायला हवे होते त्यांतले कोणी हे वाचणार नाही. तरी लिहितो. पाणी मी घातले नव्हते.