पूर्व डावीकडं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला. वैजापूरकडं एका बांधावर भूत आहे म्हणून कुणी साखळी धरेना, तेव्हा मी एकट्यानं मोजणी केली. (घाम फुटला होता, पण ते घरी सांगितलं नाही.)

आमची मुग्धा आभाळ मोजायची. नुकत्याच जन्मलेल्या अजस्र ताऱ्यांवर तिचं संशोधन. असा तारा म्हणे धुळीत गुडुप असतो, दिसतच नाही. पण त्याच्याभोवतीच्या वायूतले काही ठिपके रेडिओलहरींत लख्ख चमकतात – ते मेसर. कागदावर मांडले की काही ठिपके ओळीत येतात, ती ताऱ्याभोवती फिरणारी चकती. काही दोन बाजूंना पळतात, ते फवारे. दर रविवारी ती पुण्याहून फोनवर आकडे सांगायची, "पूर्वेला बारा, उत्तरेला सात..." आणि मी आलेखाच्या कागदावर पेनानं ठिपके द्यायचो. तिच्याकडं कॉम्प्युटर होता हो! रिटायर बाप बिघडू नये म्हणून हा उद्योग.

आणि दर वेळी मी पूर्व उजवीकडं धरायचो.

"अप्पा, आभाळाच्या नकाशात पूर्व डावीकडं! उत्तरेला डोकं करून उताणे झोपा, मग कळंल."

"तीस वर्षं उजवीकडं होती. आता तुझ्यासाठी हलवू व्हय?"

"हलवा की!"

मागच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. चार दिवस. आम्ही पोचलो तोवर... असो.

दोन महिन्यांनी तिच्या मैत्रिणीचा, सनाचा फोन आला. "काका, मुग्धाच्या शेवटच्या ताऱ्याची लिस्ट सापडली. पाठवू?"

सिडकोतलं आमचं घर, दुपारचा दीड. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला, सवयीनं उजवीकडं 'पू' लिहिलं, एकतीस ठिपके दिले. बत्तिसावा मात्र देववेना. तो दिला की पोरीचं काम संपलं. उठून तोंडावर पाणी मारून आलो.

कागदावर 'पू' डावीकडं होतं. एकतीसही ठिपके आरशातल्यासारखे उजवीकडचे डावीकडं गेलेले. चहाच्या कपाचा डाग मात्र होता तिथंच, उजव्या कोपऱ्यात. शाईचं काम, कुठं खाडाखोड नाही. बत्तिसाव्याची जागा कोरी.

बायकोला हाक मारली. "सुलभा, तू हात लावलास याला?"

"मी कशाला लावू? मला पूर्व देव्हाऱ्यावरून कळती तेवढीच."

मग मी तो कागद घेऊन फरशीवर उताणा झोपलो. उत्तरेला डोकं करून.

"अहो, उठा! तिकडं डोकं करू नये, माहीत नाय का?" ती ओरडली. मी उठलो नाही. कागद डोळ्यांवर धरला, तर 'पू' बरोबर उगवतीच्या खिडकीकडं.

थोड्या वेळानं तीही शेजारी येऊन आडवी झाली. तशीच, उत्तरेला डोकं करून.

"यात तिचा तारा कुठंय?"

"तो दिसत नसतो गं. हे त्याच्याभोवतीचे ठिपके."

तुम्ही म्हणाल, दुःखात माणूस स्वतःच लिहितो आणि विसरतो. असेलही. पण माझ्या हातून पूर्व कधी डावीकडं गेली नाही, हे मुग्धाला विचारा... म्हणजे, विचारता आलं असतं तर. उत्तर माझ्याकडं नाही. बत्तिसावा ठिपका अजून द्यायचा राहिलाय.