सालींना आम्ही काहीच केलं नाही

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना सक्तीने केळी खावी लागत होती. सकाळी दुधाबरोबर केळं, डब्यात केळं, संध्याकाळी शिकरण. बायकोने एकदा केळ्याची भाजीसुद्धा केली. त्या भाजीविषयी मी इथे काही लिहिणार नाही, कारण हे बायकोही वाचणार आहे.

कारण असं होतं. मुलीच्या कॉलेजात चांगल्या मुलांना एकेका प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करायला देतात. पदवी हातात पडायच्या आधीच संशोधन! आमच्या वेळी पदवी मिळाल्यावर आम्ही फक्त नोकरीचं संशोधन केलं. मुलीला ज्या मॅडम मिळाल्या होत्या, त्यांचा विषय होता कापड रंगवणाऱ्या मिलचं रंगीत पाणी स्वस्तात साफ करण्याचा. केळीच्या साली उन्हात वाळवायच्या, दळायच्या आणि ती पूड रंगाच्या पाण्यात घालून घुसळायची. पूड रंग ओढून घेते. मग पाण्यात किती रंग उरला ते यंत्रावर बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी साली लागतात, आणि साल हवी तर आतलं केळं कुणीतरी खावं लागतं.

"साल जोयजे ते साल ल्या," माझी आई म्हणायची, "माले केळं काबर खावाडतस?"

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत येऊन आईला माझ्या वयाइतकी वर्षं होत आली, पण घरात ती अहिराणीच बोलते आणि आम्ही सगळे तिला आपापल्या भाषेत उत्तर देतो. मी मराठीत, मुलगी निम्म्या गुजरातीत.

विषय ऐकून मला फार आनंद झाला होता. एक तर केळी म्हणजे आमच्या खानदेशची. दुसरं म्हणजे मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये नोकरीला आहे. "रंगातलं काही अडलं तर मला विचार," मी मुलीला म्हणालो.

तिने लगेच विचारलं, "पप्पा, रिॲक्टिव्ह डाय म्हणजे नेमकं काय?"

"तो महाग असतो," मी म्हणालो.

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी डिस्पॅचला आहे. रंगवलेला माल कुठल्या टेम्पोत जाणार, एवढाच रंगाशी माझा संबंध. पण मिलमध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलं, की केळं खाल्लं की साल फेकायची नाही, माझ्या टेबलावर आणून ठेवायची, संशोधन चालू आहे. लोक चांगले असतात. आठवडाभरात टेबलावर इतक्या साली जमल्या की शेठ आत आले, सालींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेले. असं काही न बोलणं मला आवडत नाही.

बमरोलीला आमचं दोन मजली घर आहे, वर गच्ची. साली धुऊन, कापून गच्चीवर वाळत पडल्या. मुलगी अभ्यासात, बायको शिवणात, मी टेम्पोत. साली आपोआप वाळल्या, डब्यात भरून कॉलेजात गेल्या.

आणि काय सांगू, निकाल असा आला की मॅडमनी यंत्र खराब झालंय का ते तपासायला माणूस बोलावला. गडद निळं पाणी जवळजवळ नितळ! इतर मुलांच्या पुडी, कुणाची शेंगांची टरफलं, कुणाचा चहाचा चोथा, जवळपासही नव्हत्या. मॅडम मुलीला म्हणाल्या, "आपण हे पोस्टर करून कॉलेजच्या प्रदर्शनात लावूया." मी त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. एका मामांना मी सांगितलं, की आता तापी साफ होणार. मुलीने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

पोस्टर लावायच्या आधी प्रयोग पुन्हा करून दाखवावा लागतो. हा त्यांचा नियम. चांगला नियम आहे, पण आमच्या घरी तो फार वाईट वेळी आला. आई तेव्हा भाच्याच्या लग्नाला गावी गेली होती. मुलीने नव्या साली धुतल्या, कापल्या, गच्चीवर टाकल्या. उन्हात त्या व्यवस्थित वाळल्या. पूड झाली, निळ्या पाण्यात पडली, आणि पाणी निळंच राहिलं. जरासं फिकं, पण निळंच.

तिने परत केलं. परत निळं.

जेवताना बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. विभागातले एक मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, की आजकाल मुलं रीडिंग घरी बसून लिहितात. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण बघितलं तिच्याकडे होतं. मॅडम तिच्या बाजूने बोलल्या. नंतर मात्र आपल्या खोलीत नेऊन म्हणाल्या, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण पहिला निकाल कसा आला हे कळलं नाही, तर पोस्टर मी लावू देणार नाही. आणि का लावलं नाही ते तुला स्वतःला सांगावं लागेल."

"म्हणजे मी खोटं लिहिलं असंच सगळे समजणार," मुलगी म्हणाली आणि ताटावरून उठली. शिकरण तशीच राहिली.

आता आम्ही सगळे शोधाला लागलो. मला वाटलं, दोष माझा आहे, कारण दुसऱ्या वेळची केळी मी पर्वत पाटिया भागातल्या हातगाडीवरून आणली होती, स्वस्त पडतात म्हणून. बायकोला वाटलं, पाणी बदललं. शेजारच्या वहिनींना वाटलं, कुणीतरी नजर लावली, आणि त्यांनी दृष्ट काढायची तयारीही दाखवली. मुलीने चिडून सांगितलं, "काकी, दृष्ट काढायची मशीन लॅबमध्ये नथी." वहिनी आठ दिवस आमच्याकडे आल्या नाहीत.

आई गावाहून परत आली तेव्हा तिलाही विचारलं. "आजी, पहिल्या वेळी सालींना तू काही केलं होतंस का?"

"मी काय करसू?" आई म्हणाली. "काहीच नही करं."

मी, बायको, सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. सालींना आम्ही काहीच केलं नाही.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "मी तुमच्या घरी येते. तुम्ही पहिल्या वेळी जसं केलंत तसंच माझ्यासमोर करा. काही बदलू नका."

काही बदलू नका! एखादी प्रोफेसर बाई घरी येणार आणि आम्ही काही बदलायचं नाही? रविवारी सकाळपासून घरात दिवाळी. बायकोने साली दोनदा धुतल्या, वर गरम पाण्यातून काढल्या. मी गच्ची फिनाईलने पुसून घेतली. आईच्या जुन्या गोणपाटाऐवजी आमच्या लग्नात मिळालेली, अजून घडी न मोडलेली चादर अंथरली. साली कापायला सुरी नवी. आईला सांगून ठेवलं, "तू खुर्चीवर बस, आणि काही बोलू नकोस." तिने तोंड फिरवलं आणि खुर्चीवर बसली.

मॅडम आल्या. चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, सुरतच्याच गुजराती. बायकोने वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. त्या भरीत खाताखाता सगळं बघत होत्या. मी त्यांना केळी आणि खानदेश यांचा संबंध समजावून सांगितला. मुलगी टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती.

मग सगळे गच्चीवर गेलो. बायकोने त्या धुतलेल्या साली चादरीवर ओळीने मांडल्या, अगदी रांगोळीसारख्या. मी बाजूला नवी झाडणी घेऊन उभा. मॅडमनी एक नजर टाकली आणि मुलीकडे वळून हळूच विचारलं, "पहिल्या वेळीही हे असंच होतं?"

मुलीने खाली बघितलं. "नाही मॅडम. हे तुम्ही आलात म्हणून."

मॅडमना हसू आलं, पण त्या दमल्यासारख्या दिसल्या. आमच्या घरात त्यांना जे शोधायचं होतं ते चादरीखाली गाडलं गेलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं, निघते मी. सर सोमवारी विचारतील. बघू."

मुलीचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. मी झाडणी हातातून खाली ठेवली.

तेवढ्यात जिन्यात धापा टाकत आई वर आली. खुर्चीचा हुकूम तिने मोडला होता. तिने चादरीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाली, "माय वं! मीठ लावाबिगर वाळत टाकतस का कोनी? माशा बठी ऱ्हायन्यात!"

आणि पदराआडून मूठ काढून तिने मीठ फेकलं. वरून दोन्ही हातांनी साली खालीवर केल्या. बायकोची रांगोळी गेली.

मॅडम जिन्याच्या पहिल्या पायरीवर होत्या. त्या तशाच फिरल्या.

"माजी, आ शुं नाख्युं?" हे काय टाकलंत, असं त्यांनी विचारलं.

"मीठ," आई म्हणाली.

गुजराती माणसाला मीठ समजावून सांगावं लागत नाही. मॅडम दोन पावलं पुढे आल्या. "पहेला पण नाखेलुं?" म्हणजे आधीही टाकलं होतंत का.

"ते काय इचारानी गोट शे?" आईला राग आला. गच्चीवर काही ओलं वाळत पडलं आणि त्याला मीठ लागलं नाही, असं तिच्या घरी कधी झालेलं नाही. सुरतेच्या दमट हवेत तर मुळीच नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी बुरशी. पहिल्या वेळी सगळे कामावर गेल्यावर ती वर गेली होती, जाताजाता मीठ लावून आली होती. दुसऱ्या वेळी ती लग्नात होती.

"आजी!" मुलगी ओरडली. "मी तुला विचारलं नव्हतं? काही केलंस का म्हणून?"

"मंग काय करं मी?" आई म्हणाली. "मीठ लावं. त्याले काही करनं म्हनतस का?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. बायको हसली. आईलाही हसू आलं, का ते तिला माहीत नव्हतं. एकटी मुलगी हसत नव्हती. सुटली होती ती, पण थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की मग कमाल सालीची नाहीच. कमाल मिठाची.

मॅडमनी तिला तिथेच समजावलं. मीठ पाण्यात असलं की हा रंग पाणी सोडून दुसऱ्या वस्तूला जाऊन चिकटतो. म्हणून तर मिलमध्ये कापड रंगवताना मीठ घालतात. "तुझ्या पप्पांना माहीतच असेल," त्या म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या मिलच्या गेटातून मिठाच्या गोण्या रोज आत येतात. टेम्पो मीच रिकामे करवून घेतो. मला वाटायचं, कँटीनमध्ये स्वयंपाक जास्त होत असेल.

सोमवारी मॅडमनी निर्णय मुलीवर सोडला. पोस्टर मागे घ्यायचं तर आता कुणी नावं ठेवणार नव्हतं, कारण सापडलं होतं. लावायचं असेल तर जसं झालं तसं लावायचं. मी म्हणालो, "मीठ चुकून लागलं हे कशाला लिहायचं? साली आणि मीठ, असा नवा शोध म्हणून लिही ना." मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला उठलो.

तिने आलेखावर नवीन रेघा काढल्या. एक मिठाशिवायची, एक मिठाची. खाली स्वच्छ लिहिलं, की पहिल्या वेळी सालींना मीठ लागलं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं, नुसती साल फार काही करत नाही. मिठाचं माप ठरवण्यासाठी तिने लॅबचा वजनकाटा घरी आणून आईला मूठ टाकायला सांगितली. काट्यासमोर आईची मूठ दर वेळी वेगळी यायला लागली. एकदा एवढीशी, एकदा ओंजळभर. मग ती रुसली आणि म्हणाली की काट्याला अक्कल नाही. माप शेवटी लॅबमध्येच ठरलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेऊन गेलो. हॉलमध्ये मुलांची रांग, प्रत्येकाच्या मागे पोस्टर. मुलीचा आवाज सकाळपासून बारीकच होता. कुणी आलं की ती पोस्टरकडे बघून बोलायची, माणसाकडे नाही. मग ते मोठे सर आले. चष्मा वर करून त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली. खालच्या ओळीपाशी ते थांबले.

"ये तुमने खुद लिखा है? कि पहला रिज़ल्ट गलती से आया?"

"जी सर."

"किसी ने लिखने को बोला?"

"नहीं सर."

सरांनी ती ओळ परत वाचली. मॅडम पलीकडच्या पोस्टरपाशी उभ्या होत्या, त्यांनी मान वळवली नाही, पण बोलणं थांबवलं.

"अच्छा," सर म्हणाले. "तो बाकी रीडिंग भी सही होंगे." आणि त्यांनी पोस्टरच्या कोपऱ्यात सही करून पुढची वाट धरली.

मला वाटलं, कुणीतरी टाळी वाजवेल. कुणी वाजवली नाही. शेजारच्या पोस्टरवर उडणारं यंत्र होतं, सगळी गर्दी तिकडे. मुलगी पोस्टरचा आधीच चिकटलेला कोपरा अंगठ्याने दाबत राहिली. मग पहिल्या वर्षाच्या दोन मुली आल्या, त्यांनी विचारलं, "दीदी, आ शुं छे?" आणि ती त्यांच्याकडे तोंड करून अगदी पहिल्यापासून सांगायला लागली, इतक्या मोठ्याने की उडणाऱ्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या मुलानेही वळून बघितलं.