गाठीच्या दोन बोटं पुढे

ती घटना आठवली की मला आरोपीचा चेहरा आधी दिसत नाही. दिसते ती सागाची एक फळी आणि तिच्यावरचा काळा डाग. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा भर बाजारात सुऱ्याचा वारही चुकवला. पण अभिमान वाटावा अशी केस कोणती, असं कोणी विचारलं, तर मी लाकडाच्या चोरीची ही केस सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो, कारण त्याला पिस्तुलाचं काहीतरी हवं असतं. त्याला माझा इलाज नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नाशिकच्या वेशीवरच्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. घोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाकडाच्या वखारी आणि सॉ मिल होत्या, त्या आमच्या हद्दीत यायच्या. दिवाळी संपली आणि एका सॉ मिलचे मालक फिर्याद घेऊन आले. कळवणकडच्या एका गावाने शाळेच्या छपरासाठी सागाचे चौदा ओंडके त्यांच्याकडे कापायला पाठवले होते. गावकऱ्यांनी आपापल्या बांधावरची झाडं रीतसर परवानगी काढून तोडली होती. दिवाळीत मिल पाच दिवस बंद राहिली आणि उघडली तेव्हा आवारात एकही ओंडका नव्हता.

मालक साठीचे, चाळीस वर्षं करवतीपाशी काढलेले. प्रत्येक प्रश्नाला ते "काय म्हणालात?" असं विचारायचे आणि मला सगळं दोनदा बोलावं लागायचं. हा माणूस पोलिसांना हलक्यात घेतो, असा मी अर्थ काढला आणि मनातून चिडलो. चाव्या दोन, एक त्यांच्याकडे आणि दुसरी त्यांच्या मिस्त्रीकडे, असं त्यांनी जबाबात सांगितलं.

पंचनाम्याला गेलो तेव्हा तो मिस्त्री भेटला. पस्तिशीतला, घोटीजवळच्या खेड्यातला, शिक्षण बेताचं. चोरी झालीय, पोलीस आलेत, आणि हा मला मशीन दाखवत बसला. ओंडका रुळांवरच्या ट्रॉलीवर ठेवतात आणि ट्रॉली करवतीकडे सरकते. बाकीच्या मिलमध्ये ती माणसं ढकलतात, नाहीतर मोटर एकाच गतीने ओढते. याने एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने निमुळते असे दोन ढोल समोरासमोर बसवले होते आणि त्यांच्यावरून एक पट्टा फिरवला होता. दांडा ओढला की पट्टा सरकायचा आणि ट्रॉलीची गती कमी-जास्त व्हायची.

"मऊ लाकडाला पळवायचं, गाठ आली का हळू घ्यायचं," तो म्हणाला. "घाई केली तर करवत बी जाती आन् लाकूड बी जातं. नाशकात असं दुसरं नाय साहेब."

मी मान हलवली आणि वहीत 'यंत्र सुस्थितीत' एवढंच लिहिलं.

मला खरा त्रास दिला तो त्या गावच्या एका म्हाताऱ्याने. त्याच्या बांधावरची तीन झाडं त्या चौदा ओंडक्यांत होती. दर सोमवारी तो पहिल्या एसटीने यायचा आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचा. मी दिसलो की अहिराणीत एकच प्रश्न विचारायचा, "साहेब, आमनं लाकूड कोठे शे?" तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. उत्तर मिळालं नाही की टोपी सारखी करून निघून जायचा. त्या प्रश्नाचा मला धाक बसला होता. मोठ्या साहेबांचाही मला तेवढा नव्हता.

दोन सोमवार गेले आणि खबर आली. देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या एका सुताराने फोन केला. हा माझा जुना खबऱ्या, ठाण्याची पायरी कधी चढायचा नाही. "साहेब, आमच्या शेठच्या दुकानात नवा साग उतरलाय, पावती नाही," तो म्हणाला. "अन् फळ्या करपलेल्या आहेत. रंधा मारून मारून खांदे गेले माझे."

साध्या कपड्यांत जाऊन मी फळ्या पाहिल्या. दुकानदाराने हात वर केले. कोणा टेम्पोवाल्याकडून माल घेतला, नाव ठाऊक नाही, हे ठरलेलं उत्तर त्याने दिलं. मात्र सुताराने मला बाजूला घेऊन फळीवर बोट फिरवायला लावलं. करवतीच्या दातांच्या बारीक रेघा हाताला लागत होत्या. "हाताने ढकललं की या रेघा दचकत येतात. मोटरने ओढलं की एकसारख्या येतात. इथे बघा, हळूहळू जवळ येतात आणि हळूहळू लांब जातात. असली फळी मी बघितली नाही कधी," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात ते दोन ढोल फिरले. नाशकात असं दुसरं नाही, हे तर मिस्त्रीनेच सांगितलं होतं. म्हणजे ओंडके बाहेर गेलेच नव्हते. बंद मिलमध्ये, दिवाळीच्या फटाक्यांच्या आवाजात, त्याच मशीनवर ते कापले गेले होते. दुपारीच मी मालकांचा पुरवणी जबाब घेतला. "त्या मशीनला मिस्त्रीशिवाय कोणी हात लावत नाही. मला तर ते येतही नाही," असं सांगून त्यांनी सही केली. संध्याकाळी मिस्त्री अटकेत होता. 'गुन्हा उघडकीस' असं मी मोठ्या साहेबांना फोनवर सांगितलं तेव्हा माझी मान किती ताठ झाली होती, हे आमचे हवालदार पुढे बरीच वर्षं नक्कल करून दाखवत.

कोर्टाने चार दिवसांची कोठडी दिली. दिवाळीत कुठे होतास? घरी. कोणी पाहिलं? कोणी नाही, बायको-पोरं माहेरी गेली होती. काय करत होतास? नव्या मशीनचं चित्र काढत होतो. घराच्या झडतीत ती वही मिळालीही होती. पेन्सिलीने काढलेले ढोल, दांडे, मापं. पण वहीने कोणी सुटत नाही. त्याच्या बायकोने डबा आणला, तेव्हा मी तिच्यासमोर त्याला चोर म्हणालो. ती डबा ठेवून गेली. आज ते वाक्य परत घेता आलं तर मी घेईन.

दोन दिवस तो एकच उत्तर देत राहिला. खोटं बोलणारा माणूस उत्तर सुधारत जातो, हा माझा अनुभव. याच्या उत्तरात एक शब्द बदलत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी जप्त केलेली एक फळी मागवली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"ही तुझ्या मशीनवर कापलीय. बोल."

त्याने फळी उजेडात धरली आणि रेघांवरून तळवा फिरवला. गाठीपाशी थांबला, तिच्या पुढच्या काळ्या डागापाशी परत थांबला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अटक झाल्यापासून तो रडला नव्हता.

"मशीन माझंच हाय साहेब. हात माझा नाय."

"म्हणजे?"

"गाठ आली का करवतीचा आवाज आधी जड व्हतो. तवाच दांडा वढायचा, गाठीच्या आधी. इथं बघा, गाठ गेली, दोन बोटं लाकूड जळालं, आन् मंग दांडा वढलाय. सगळ्या फळ्या आणून बघा. लय चांगलं लाकूड नासवलं." त्याला राग चोरीचा नव्हता, लाकडाचा होता.

मी सगळ्या फळ्या आणवल्या. जिथे गाठ होती तिथे डाग होता, गाठीच्या दोन बोटं पुढे. प्रत्येक फळीवर.

"असा उशीर कोणाला होतो?" मी विचारलं.

"ज्याला आवाज ऐकू येत नाय त्याला. त्यो डोळ्यांनी बघतो, मंग हात हालवतो."

"तुमच्यात असं कोण आहे?"

त्याने फळी खाली ठेवली. "मला इचारू नका साहेब. मशीन बनवतो म्हणालो तवा सगळे हसले व्हते. त्यांनी एकट्यांनीच जागा दिली."

मला 'काय म्हणालात' आठवलं. ज्याला मी माज समजलो होतो, तो माज नव्हता. चाळीस वर्षं करवतीपाशी काढलेल्या माणसाचे कान गेले होते, आणि कमीपणा वाटतो म्हणून तो ते लपवत होता.

पण एवढ्यावर कोणाला धरता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन मिलवर गेलो. मालकांसमोर, जरा मोठ्या आवाजात, सांगितलं की हे यंत्र पुरावा आहे आणि ते मुद्देमाल म्हणून ठाण्यात न्यावं लागेल. आमच्या आवारात काय गंजत पडलेलं असतं हे मालकांनी पाहिलं होतं. तिथल्या काही स्कूटरींतून एरंड उगवला होता. "कोर्टाचा निकाल लागला की परत मिळेल," मी म्हणालो.

मालकांचा चेहरा उतरला. "इथेच सील करा ना साहेब."

"करता येईल. पण ते चालतं, हे पंचांना दिसायला हवं. आणि तुमचा मिस्त्री तर आमच्याकडे आहे. चालवणार कोण?"

त्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं. मग बाह्या सारून म्हणाले, "सरका, मी दाखवतो."

बाभळीचा एक गाठाळ ओंडका मी आधीच हेरून ठेवला होता. हमालांनी तो ट्रॉलीवर चढवला. करवत सुरू झाली, मालकांनी दांडा सोडला आणि ट्रॉली सरकू लागली. गाठ आली तसा करवतीचा आवाज असा बदलला की हवालदारांनी वळून माझ्याकडे पाहिलं. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी मलाही तो ऐकू आला. मालकांना आला नाही. ते पात्याकडे टक लावून उभे होते. ट्रॉलीने हिसका दिला, धूर निघाला आणि मग त्यांचा हात हलला. फळी खाली पडली. तिच्यावर काळा डाग होता, गाठीच्या दोन बोटं पुढे.

मशीन बंद झालं. मी त्यांच्या पाठीमागून साध्या आवाजात म्हणालो, "मालक, ठाण्यात चला." ते वळले नाहीत. मी परत म्हणालो, तरी वळले नाहीत. शेवटी खांद्यावर हात ठेवला आणि सागाची फळी या नव्या फळीशेजारी धरली.

"मशीनच बिघडलंय," ते म्हणाले.

"तुम्ही सही करून दिलीय की तुम्हाला हे मशीन येत नाही. मग आत्ता कोणी चालवलं?"

ते तिथेच ओंडक्यावर बसले. मिस्त्रीने दिवाळीआधी त्यांना सांगितलं होतं की घोटीला स्वतःची मिल टाकतोय. "मशीन माझ्या जागेत उभं राहिलं, साहेब. तो गेला असता तर गिऱ्हाईक त्याच्यामागे गेलं असतं. चोराकडे कोण जातं?" एवढंच बोलले. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. ज्या माणसाचं नाव यांनी पुसायला काढलं होतं, त्याने तीन दिवस कोठडीत यांचं नाव घेतलं नव्हतं.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मी थांबलो नाही. टेम्पो शोधला, ओळख परेड झाली, टेम्पोवाल्याने आणि दोन हमालांनी मालकांना ओळखलं. बहुतेक फळ्या हस्तगत झाल्या. पुढे त्यांना शिक्षा लागली. मिस्त्रीला सोडण्याचा कलम १६९ चा अहवाल मी रायटरला न देता स्वतःच्या हाताने लिहिला. तेवढा सुवाच्य अहवाल मी पुन्हा कधी लिहिला नाही. चित्रांची वही परत देताना त्याच्या बायकोसमोर उभा राहून मी म्हणालो, "माझी चूक झाली." ती म्हणाली, "डबा राह्यलाय तुमच्याकडं." मी हवालदारांना न सांगता स्वतः जाऊन डबा आणून दिला.

पुढच्या सोमवारी म्हातारा आला आणि बाकावर बसला. मी मुद्देमालाची खोली उघडून त्याला फळ्या दाखवल्या. त्याने एकेका फळीला हात लावला. "सापडनं," एवढंच म्हणाला आणि टोपी सारखी केली. शाळेच्या दोन खोल्यांवर त्या लाकडाचं छप्पर चढलं. करपलेली बाजू वर ठेवली होती, मुलांना दिसू नये म्हणून.

मी निवृत्त झाल्यावर एकदा घोटीला गेलो. मिस्त्रीची मिल चांगली चालली होती. वहीतलं ते मशीन उभं होतं, पहिल्यापेक्षा मोठं. त्याने चहा पाजला, मग सागाचा एक ओंडका चढवला आणि म्हणाला, "साहेब, आता तुम्ही वढा दांडा."

मी ऐटीत उभा राहिलो. करवत चालू झाली. कान टवकारून उभा होतो आणि आवाज जड झालेला मला कळलाही. पण खात्री करून घेण्यात क्षण गेला आणि मग हात हलला. फळी पडली. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. गाठीच्या दोन बोटं पुढे काळा डाग होता.

मिस्त्री हसला नाही. "ऐकू तर आलं व्हतं तुम्हाला," तो म्हणाला.

"आलं होतं," मी म्हणालो. "तेव्हाही आलं होतं. दोन दिवस तू एकच उत्तर देत होतास."

त्याने ती फळी पुसून मला दिली. आज माझ्या बैठकीत, पदकांच्या पेटीखाली, फडताळाला तीच फळी बसवली आहे. मिस्त्री पॉलिश करून डाग काढून द्यायला तयार होता. मी नको म्हणालो.