डाव्या बाहीचं बटण

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी शर्ट घालत होतो. "बाबा, आत्या गेल्या..." म्हणत सुनेने माझ्या बटणांकडे हात नेला. खाली रिक्षा थांबली होती. मी म्हटलं, "राहू दे." रडू आलं नाही. बटणं तेवढी दिसत होती.

माझी ही धाकटी बहीण ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. काचीगुड्यातल्या आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत वाटायचं, ती मालिश करते. ती जाम चिडायची. लुळ्या पडलेल्या माणसाला आंघोळ, जेवण, कपडे घालणं हे आपलं आपण करता यावं, हे तिचं काम. अर्धांगाच्या झटक्याने माझा उजवा हात गेला, तेव्हा मी निर्धास्त होतो, घरचंच माणूस आहे म्हणून. तर बाईसाहेबांनी साफ नकार दिला. "मी बहीण आहे, दादा. मला तुझी दया येईल. थेरपिस्टला ती येऊन चालत नाही." आणि तिच्या हाताखाली तयार झालेल्या स्वप्नाकडे मला सोपवलं. भयंकर राग आला होता मला.

मी बटणाशी झुंजायचो आणि स्वप्ना हात पाठीमागे बांधून बघत राहायची. पेशंट चाचपडत असताना मदतीला धावायचं नाही, ही सुमनची शिस्त. धावणाऱ्या मुलीला ती परीक्षेत सरळ नापास करायची. "टाइम है, अंकल," स्वप्ना म्हणायची. हळूहळू सगळी बटणं डाव्या हाताने जमली. डाव्या बाहीचं तेवढं राहिलं, कारण तिथे उजवाच हात लागतो. उजव्या बोटांत थोडी हालचाल परतली, आणि एका निवांत रविवारी तेही लागलं. मी ऐटीत सुमनला दाखवलं.

"छान. पण घाईच्या दिवशी लावून दाखव, मग पास म्हणते. आत्ता नक्को."

घाईचा दिवस आला, आणि ते लागलं नाही. उघड्या बाहीनेच गेलो. स्मशानातलं नीटसं काही आठवत नाही... शेवटचा नमस्कार करायला हात उचलले, तशी बाही लोंबली. शेजारी स्वप्ना होती, रडून डोळे सुजलेली. तिचा हात माझ्या बाहीपर्यंत आला, थबकला... मग दोन्ही हात तिने पाठीमागे नेले.

"टाइम है, अंकल."

गुरुजी खोळंबले, सगळेच खोळंबले. बटण लागलं. पास म्हणणारी तेवढी समोर निजलेली होती.

मला अजून रडू आलेलं नाही. रोज सकाळी ते बटण मी सगळ्यात शेवटी लावतो. सून दारात उभी असते. आताशा तिचेही हात पाठीमागे असतात.