मोहाखालची काडी

आमच्या मोहाच्या झाडाखाली अख्खा लाखांदूर तालुका अंग टाकून झोपला असता, आणि वर पवनीवाल्यांनाही उशाला जागा मिळाली असती. झाड जंगलात, कागदोपत्री सरकारचं. पण ते आमच्या घराचं, हे गावातल्या बकऱ्यांनाही ठाऊक. मार्च लागला की पहाटे फुलं टपटप पडतात, आणि पाचोळ्यात पडलेलं फूल शोधायचं म्हणजे डोळे गहाण टाकायचे. म्हणून आमच्याकडे सारेच आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जागा साफ होते, फुलं वेचायला मोकळी.

एका वर्षी बायकोनं काडी लावली, वारा फिरला आणि आग शेजारच्या बांबूत शिरली. वनरक्षक धावत आला. "कोनं लावली?" म्हणून ओरडला. बायकोची बोबडी वळली. तेव्हा नुकतीच अठराची झालेली आमची पोरगी पुढं झाली. म्हणाली, "मी लावली जी."

नाव तिचं लागलं. आम्ही दंड भरला आणि घरी आलो. दंड भरला म्हणजे गंगेत न्हालो, असा आमच्या गावाचा कायदा.

पुढं हीच पोरगी वनरक्षकाच्या भरतीत उतरली. पळाली अशी, की तिची सावली मागाहून धापा टाकत आली. निवड झाली. मग पडताळणीचा अर्ज आला, आणि त्यात एक प्रश्न: तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का, दंड झाला आहे का? पुढं दोन चौकोन. होय आणि नाही.

घरातली चूल त्या दिवशी पेटली, पण भात करपला.

"नाही लिव," मी म्हणालो. "इतक्या वर्साचं कोन पाहून राहिलं?"

"बाबा, ज्या खात्यानं धरलं त्याच खात्यात चालली मी. त्यायलेच नाही सांगू?"

गुन्हा किती वर्षं राहतो, हे मी साऱ्या गावाला विचारलं. न्हावी म्हणाला सात वर्षं. किराणावाला म्हणाला, साहेब बदलला की गुन्हाही बदलून जातो. एकानं तर छातीठोक सांगितलं की कार्यालयातल्या उधईनं, म्हणजे वाळवीनं, तो कधीचाच खाल्ला असेल. ही शेवटची गोष्ट मला फार पटली.

शेवटी बापलेक एसटीनं लाखांदूरला वकिलाकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "काका, कोर्टात शिक्षा झाली नाही, तडजोडीत मिटलं. हे चांगलं. पण नोंद आहे, आणि ती आपोआप पुसली जात नाही."

"कधीच नाही?"

"मी तरी पुसलेली पाहिली नाही. एवढ्याशा आगीसाठी कदाचित नोकरी नाकारणार नाहीत. लपवली म्हणून मात्र नक्की काढतील."

"कदाचित म्हणजे किती जी?"

"कदाचित म्हणजे कदाचित."

पोरीनं तिथंच, वकिलाच्या टेबलावर, 'होय'वर खूण केली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

भंडाऱ्याच्या कार्यालयात कागद तपासायला बोलावलं, तेव्हा मीही गेलो. आमच्या आधी आत गेलेला पोरगा बाहेर आला तो भिंतीला टेकून खालीच बसला. काय झालं, विचारायची माझी हिंमत झाली नाही. आमचा नंबर आला.

साहेबांनी अर्ज वाचला. बोट त्या चौकोनावर थांबलं. शेजारच्या टेबलावरच्या बाबूनं संगणकात पाहिलं आणि मान डोलावली. नोंद होती. उधईनं खाल्ली नव्हती.

"किती जळलं होतं?" साहेबांनी विचारलं.

हा प्रश्न म्हणजे माझ्या हातचा मळ. गावात ही आग मी कैकदा सांगितली होती. माझ्या सांगण्यात तिचा धूर गडचिरोलीपर्यंत गेला होता. तोंड उघडलं, आणि पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की ते परत मिटलं.

"बांबूचं एक बेट, साहेब," ती म्हणाली. "आनि खालची रोपं."

"कशासाठी लावली?"

"मोह वेचाले. आमच्याकडं सारेच लावतात."

"सारेच." साहेबांनी पेन खाली ठेवला. "मग उद्या ड्युटीवर असताना तुझी आईच काडी लावताना दिसली, तर?"

खोलीतला पंखासुद्धा थांबला, शप्पथ. माझ्या डोळ्यांपुढं बायकोचा चेहरा आला. मला वाटलं, गेली नोकरी.

"पहिले आग विझवीन," ती हळूच म्हणाली. "मग तिचं नाव लिवीन, जी. घरी जेवाले नाही मिळनार, ते वेगळं."

बाबूला हसू आलं. साहेबांना आलं नाही. त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि "कळवू" एवढंच म्हणाले.

नेमणुकीचा आदेश येईपर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्यानं शिंकलंही नाही. तो आला तेव्हा गावभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, 'होय' लिही असं मीच तिला बजावलं होतं.

संध्याकाळी बायकोनं पोरीला जवळ बसवलं. "खरंच लिवशील माझं नाव?"

"लिवीन, आई."

बायकोनं कोपऱ्यातला झिजलेला खराटा उचलून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अजी, उद्या बाजारातून मोहाखाली झाडाले दोन खराटे आना. मोठे."